आडत दुकानातले सहा संगणक आणि विंडोज १० नंतरचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीत यायला लागते आणि एकदा सौदे सुरू झाले की दुकानातल्या संगणकाला कुणी हात लावू देत नाही. त्यामुळे जे करायचं ते दिवाळी ते संक्रांत एवढ्याच काळात. हळद-बेदाण्याच्या एका आडत दुकानातल्या सहा संगणकांचं काम आम्ही त्या काळात उरकलं. दोन बदलले, दोन आतून नवे केले, एकाला विंडोज ११ वर नेलं आणि एक मुद्दाम जुनाच ठेवला.

मत आधीच सांगून टाकतो. यार्डात प्रत्येकाची एकेक कंपनी ठरलेली असते. एकाला इंटेलच लागतो, दुसरा एचपीशिवाय प्रिंटर घेत नाही, तिसऱ्याने घरी लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) टाकून मायक्रोसॉफ्टशी कायमची कट्टी घेतलेली असते. दुकान चालवताना यातली एकही निष्ठा कामाला येत नाही. संगणकाच्या पाठीमागे काय जोडलंय, त्याचा ड्रायव्हर अजून मिळतो का, आणि बिघडलेला भाग संध्याकाळपर्यंत सांगलीत हाताला लागतो का, या तीन गोष्टींवर आम्ही प्रत्येक मशीनचा निकाल लावला.

म्हणून पहिली यादी केली ती मागच्या वायरींची. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मुख्य संगणक इंटेलच्या आठव्या पिढीचा आय५, त्यावर गोल्ड (एकाच वेळी अनेकांना वापरता येणारा) परवाना आणि सगळा डेटा. दिवाणजींच्या टेबलावर सहाव्या पिढीचा आय५, त्याला डॉट मॅट्रिक्स, त्यावर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या निघतात. शेजारी तसाच दुसरा, ई-वे बिल, बँक आणि डिजिटल सहीच्या टोकनासाठी (यूएसबीत लावायची सहीची किल्ली). आतल्या खोलीत चौथ्या पिढीचे दोन आय३, पत्रव्यवहार, व्हॉट्सअॅप वेब, बाजारभाव आणि एक लेझर प्रिंटर. आणि काट्याजवळ विंडोज ७ वर चालणारा कोअर टू ड्युओ. त्याला इलेक्ट्रॉनिक काट्याची नऊ पिनांची सिरीयल केबल.

विंडोज ११ कुणाला चालतं हे पाहायला दुकानदाराला विचारायची गरज नाही. विंडोज आणि आर दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप केलं की प्रोसेसरचं नाव आणि 'बायोस मोड' (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) दिसतो. 'टीपीएम डॉट एमएससी' टाकलं की टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आहे का ते कळतं. इंटेलची आठवी पिढी आणि पुढे, एएमडीत रायझन २००० मालिका आणि पुढे, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचीच प्रणाली चालू देणारी सोय), अशी अट आहे. मोजके अपवाद सोडले तर सहावी-सातवी पिढी बाहेर. हे प्रोसेसर टॅलीला आणि ब्राउझरला आजही पुरून उरतात, तरी बाहेर. यावर कितीही राग आला तरी दुकानाचं काम रागाने होत नाही.

जुन्या मशीनवर विंडोज ११ घुसवायचा रस्ता आहे. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएमची आणि रॅमची तपासणी काढून टाकता येते. यार्डात बऱ्याच ठिकाणी हेच केलंय. आम्ही केलं नाही. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप उतरत नाही, पुन्हा हाताने टाकावी लागते. घरच्या मशीनला ठीक. ज्याच्यावरून आरटीजीएस जातो त्याला नको. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ पासून, म्हणजे विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, हा रस्ताही बंद आहे. पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरमधल्या सूचना त्याला लागतात, त्या नसतील तर विंडोज सुरूच होत नाही.

पैसे भरून विंडोज १० चे अपडेट चालू ठेवण्याची सोयही आहे. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीही मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं तर. धंद्याच्या मशीनला वेगळा दर आहे, पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. आठ-नऊ वर्षं जुन्या, रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकलेल्या वापरलेल्या) घेतलेल्या डब्यावर एवढे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. सहाव्या पिढीचे दोन्ही बदलायचे ठरले ते इथे.

आता साफसफाई. हळदीच्या दुकानातला संगणक उघडला की आत काय असतं हे बाहेरच्या मेकॅनिकला पहिल्यांदा खरं वाटत नाही. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये पिवळा थर बसलेला असतो आणि तो साध्या धुळीसारखा उडत नाही. हळदीत उडनशील तेल असतं, पावसाळ्यात ती ओल धरते, आणि मग पात्यांच्या मुळाशी तिचा लेप होतो. ब्लोअरने वरची धूळ जाते, लेप तसाच राहतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा पलीकडे जात नाही, आणि प्रोसेसर तापून आपला वेग आपणच कमी करतो. 'संगणक स्लो झाला, नवा घ्या' या सल्ल्यातले निम्मे संगणक यार्डात तरी या लेपाचे बळी असतात.

करायचं असं. वायर काढायची, पॉवर बटण दाबून धरून उरलेली वीज घालवायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून घ्यावं, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट मऊ होते. मग वायर पुन्हा काढून स्क्रू तिरपे-तिरपे ढिले करून हीटसिंक सरळ वर न ओढता आधी किंचित डावी-उजवीकडे फिरवायचा. हे एएमडीच्या एएम४ बोर्डावर फार महत्त्वाचं. तिथे पिना प्रोसेसरला असतात, आणि सुकलेल्या पेस्टमुळे हीटसिंकबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून (बोर्डावरच्या बसायच्या जागेतून) उपटून येतो. इंटेलच्या बोर्डावर पिना सॉकेटात असतात. तिथे प्रोसेसर निघून येत नाही, पण बसवताना हात चुकला तर पिना वाकतात आणि पूर्ण बोर्ड जातं. दोन्ही कंपन्यांचे भक्त यावरून भांडतात. एएमडीनेही एएम५ मध्ये पिना सॉकेटात नेल्या, त्यामुळे ते भांडण तसं मिटलंय.

पंखा वेगळा करून हीटसिंक भांड्याच्या साबणाने धुतला तरी चालतो, फक्त पूर्ण वाळू द्यायचा. प्रोसेसरवरची पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासून कोरड्या कापडाने पुसायच्या. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही धक्का देऊ शकतात. एवढं केल्यावर चौथ्या पिढीच्या मशीनचं भारावरचं तापमान नव्वदीतून पासष्ट-सत्तरीत आलं.

बेदाण्याच्या बाबतीत अडचण वेगळी. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या शेडच्या भिंतीला लागून ऑफिस असेल तर गंधकाने तांब्याचे आणि चांदीचे सांधे काळे पडत जातात, आणि मग कधी लागतो कधी नाही असा दोष तयार होतो. कितीही पुसला तरी तो जात नाही. संगणक तिथून हलवणं एवढाच इलाज.

चौथ्या पिढीच्या दोन मशीनना २५६ जीबीची साटा (जुन्या हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडी आणि एकूण ८ जीबी रॅम एवढंच घातलं. या बोर्डांवर एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीची खाच नाही, तेव्हा दुकानदार स्वस्त म्हणून एम.२ काडी देऊ लागला तर घेऊ नये. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे ना ते आधी बघावं. रॅम घेताना डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायचा प्रकार होऊ देऊ नये. आणि पॉवर सप्लाय. ब्रँडेड छोट्या डब्यांत बोर्डाला नेहमीची २४ पिनांची जोडणी नसते. कुठे ८ पिना, कुठे ६, कुठे १०, ज्याची त्याची वेगळी. सप्लाय जळाला की बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही, आधी अडॅप्टर केबल शोधावी लागते. रिफर्बिश्ड ब्रँडेड घेणाऱ्यांनी डब्याबरोबर ती केबल घेऊनच ठेवावी. ब्रँडेड की असेंबल्ड या वादात माझा कौल असेंबल्डकडे जातो त्याचं कारण हेच, वेगाशी त्याचा काही संबंध नाही.

या दोघांवर लिनक्स मिंट २२ टाकलं. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि चौथ्या पिढीचा आय३ एसएसडीवर ते आरामात चालवतो. आधी पेन ड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर बघून घ्यावा, मगच इन्स्टॉल. एचपीच्या छोट्या लेझर प्रिंटरपैकी काहींना वेगळा प्लगइन लागतो. एचपी-सेटअप चालवताना इंटरनेट असेल तर तो आपोआप उतरतो, नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो पण कागद काही हलत नाही. डॉट मॅट्रिक्सला 'एप्सन २४-पिन सिरीज' आणि '९-पिन सिरीज' असे तयार ड्रायव्हर असतात.

मराठी टाइप करायला कीबोर्ड लेआउटमध्ये इंडियनखाली मराठीचे पर्याय आहेत. लिबरऑफिसमध्ये एक गोष्ट सगळ्यांना अडवते. स्टाइलमध्ये नेहमीचा फॉन्ट बदलला तरी मराठी बदलत नाही. कारण तिथे देवनागरीचा फॉन्ट वेगळ्या खात्यात असतो. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडायचं आणि स्टाइलमध्ये त्या खात्याचा फॉन्ट आणि आकार स्वतंत्र ठरवायचा. एकदा साच्यात करून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही.

लिनक्सवाल्यांना एक स्पष्ट सांगायला हवं. टॅली विंडोजसाठीच आहे. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवणारे आहेत, पण मार्चअखेरीला ते अडलं तर कुणाला फोन करणार? आडत दुकानात लिनक्सची जागा टॅली नसलेल्या टेबलावर. तिथे ते विंडोजपेक्षा चांगलं चालतं, व्हायरसचा पेन ड्राइव्ह लागला तरी दुकान बंद पडत नाही. तसंच डिजिटल सहीचं. टोकनाचा ड्रायव्हर आणि पोर्टलशी बोलणारा सहीचा प्रोग्रॅम दोन्ही एकाच विंडोज मशीनवर ठेवावेत आणि ते मशीन सहीपुरतं राखावं. दर वेळी वेगळ्या मशीनला टोकन लावत बसलं की सर्टिफिकेट दिसत नाही, आणि रिटर्नची शेवटची तारीख असते.

मुख्य मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत होतं, तरी तपासणी त्याला नापास करत होती. आठव्या पिढीच्या बऱ्याच मशीनचं असंच होतं. टीपीएम बोर्डात असतो पण बायोसमध्ये बंद. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. शिवाय मेकॅनिकने मुळात विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं, डिस्कची मांडणी जुनी एमबीआर. यूईएफआयला नवी जीपीटी मांडणी लागते. इथे क्रम चुकला की मशीन सुरूच होत नाही. आधी पूर्ण बॅकअप. मग विंडोजमध्येच, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'एमबीआर२जीपीटी' ही आज्ञा 'व्हॅलिडेट' आणि 'अलाउ फुल ओएस' लावून चालवायची. ती पास झाली तरच 'कन्व्हर्ट'. त्यानंतर रीस्टार्ट करून बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीचंच दुसरं नाव) बंद, यूईएफआय चालू, मग सिक्युअर बूट, मग टीपीएम. व्हॅलिडेट नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर आधीच चार प्रायमरी भाग असणं. ब्रँडेड मशीनमध्ये कंपनीची टूल्स आणि रिकव्हरी यांनी दोन अडवलेले असतात. तीनपेक्षा जास्त असतील तर आज्ञा पुढे जात नाही, त्यातला एक निकामी भाग काढावा लागतो.

विंडोज ११ बसल्यावर लगेच बघायची गोष्ट म्हणजे डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं सांकेतिक कुलूप. २४एच२ कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आता यार्डात नव्वद टक्के संगणक चालू करताना खातं कुणाचं वापरतात? मेकॅनिकचं. उद्या बोर्ड बदललं किंवा बायोस रीसेट झालं की निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं, आणि ती अशा माणसाच्या ईमेलात असते ज्याने मधल्या काळात नंबर बदललाय. खातं दुकानाच्या ईमेलवर आणि शेठच्या मोबाइलवर काढायचं, किल्ली कागदावर छापून तिजोरीत. बायोसमध्ये काही बदलायचं असेल तर आधी एन्क्रिप्शन सस्पेंड करायचं.

दुसरी अडचण नेटवर्कची. टॅलीचा डेटा शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो आणि आजवर तो बिनपासवर्डाचा 'एव्हरीवन'ला उघडा ठेवायची पद्धत होती. विंडोज ११ प्रो २४एच२ पाहुण्या लॉगिनला दारातच अडवतं आणि फाइल शेअरिंगला मशीनमशीनमधली आपोआप होणारी सही (सायनिंग, टोकनाची नव्हे) सक्तीची करतं. मेकॅनिक लोक रजिस्ट्रीत जाऊन हे दोन्ही बंद करून देतात. करू देऊ नये. मुख्य मशीनवर 'टॅली' नावाचा साधा लोकल युजर पासवर्डसह काढायचा, फोल्डरला फक्त त्याची परवानगी द्यायची, आणि बाकीच्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो पासवर्ड एकदाच साठवायचा. लॉगिनचा चार आकडी पिन इथे चालत नाही, पासवर्डच लागतो. यातच लोकांचा जास्त वेळ जातो.

नव्या दोन मशीनसाठी इंटेल की एएमडी यावर दुकानात मतं भरपूर होती. इंटेलने २०१५ ते २०२४ मध्ये ११५१, १२००, १७००, १८५१ असे सॉकेट बदलले, आणि ११५१ चं नाव तेच ठेवून २०१७ साली आतली जोडणी बदलली. एएमडीचं एएम४ पहिल्या रायझनपासून, म्हणजे २०१७ पासून, रायझन ५००० पर्यंत तेच राहिलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष निघाला, २०२४ साली कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. या गोष्टी खऱ्या, पण हिशेबपट्टी काढणाऱ्या टेबलाला यातल्या कशानेही फरक पडत नाही. टॅलीला तर चार वर्षांपूर्वीचा कुठलाही प्रोसेसर पुरतो.

आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला तो बोर्डासाठी. त्या बोर्डावर सीओएम (सिरीयल) पोर्टची नऊ पिनांची आतली जोडणी होती. पन्नास-शंभर रुपयांची पट्टी लावली की मागे खराखुरा सिरीयल पोर्ट मिळतो आणि उद्या काट्याचा संगणक बसला तर काटा इथे हलवता येतो. अशी जोडणी इंटेलच्या स्वस्त बोर्डांवरही असते. बोर्डाची पुस्तिका उघडून बघावी, बॉक्सवर ते लिहिलेलं नसतं. दुसरं, नावामागचं अक्षर. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आत आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. इंटेलमध्ये उलट, 'एफ' लावलेल्यात ग्राफिक्स नसतं. स्वस्त कोटेशनमध्ये नेमका एफवाला घातलेला असतो, आणि मशीन घरी आल्यावर पडदा काळा. जुन्या साठ्यातलं बी४५० बोर्ड असेल तर ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट केलेलं आहे ना ते दुकानातच चालू करून बघून घ्यावं.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीला चढत होते. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते आणि जगात डीरॅम (रॅमच्या चिप) बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं 'क्रुशियलच द्या' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? रॅमच्या काडीवर स्टिकर कुणाचाही असला तरी चिप बहुधा या तिघांपैकी एकाचीच असते. प्रिंटरचंही असंच. एचपी १०२० मध्ये १२ए कार्ट्रिज, कॅनन २९०० मध्ये ३०३. दोन्ही एकच सांगाडा, कारण एचपीच्या लेझरजेटचं इंजिन कॅनन बनवते. सांगलीतला रिफिलवाला दोन्हीत एकाच बाटलीतली पावडर घालतो. यूपीएसमध्येही बहुतेक छोट्या कंपन्यांत १२ व्होल्ट ७ एएचची तीच बॅटरी, दोन-तीन वर्षांत जाते, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळते. यूपीएस फेकून नवा घ्यायची गरज नसते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डॉट मॅट्रिक्सने. नवं मशीन, नवा ड्रायव्हर, छपाई सुरेख, आणि दर पट्टीला मजकूर थोडा थोडा वर सरकतो. दिवाणजींना प्रोसेसर कुठला हे विचारायचं नव्हतंच. "पट्टी पैल्यासारखी फाटती का, तेवढं बघा" एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. हिशेबपट्टी १० बाय १२ इंची सलग कागदाच्या अर्ध्यावर, म्हणजे १० बाय ६ वर निघते. विंडोजमध्ये हा आकार नसतो, तो आपण तयार करावा लागतो, आणि जुन्या मशीनवर कुणीतरी कधीतरी केलेला असतो हे सगळे विसरलेले असतात. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज', फॉर्म्सच्या पानावर नवा फॉर्म, रुंदी १० इंच, उंची ६ इंच, समास शून्य, नाव 'पट्टी'. नंतर प्रिंटरच्या 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये तो निवडायचा, आणि अॅडव्हान्स्डमधल्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्येही. दुसरी पायरी राहिली तर एका युजरला बरोबर येतं आणि दुसऱ्याला ए४ धरून. ट्रॅक्टरची चाकं दोन्ही बाजूंना कागद ताणला जाणार नाही पण पोटही सुटणार नाही इतकीच सरकवायची. तीन पदरी कागदाला जाडीचा लिव्हर एकेरी कागदाच्या जागेवर ठेवला तर पिना कागदात अडकतात आणि हेड जातं. हेडची किंमत प्रिंटरच्या किमतीशी झोंबणारी.

टॅलीत 'क्विक' आणि 'डॉट मॅट्रिक्स' छपाई झपाट्याने होते कारण ती प्रिंटरमधली तयार इंग्रजी अक्षरं वापरते. त्यात देवनागरी नाही. शेतकऱ्याचं नाव मराठीत हवं असेल तर 'नीट' मोड, म्हणजे अक्षर चित्रासारखं ओळीओळीने छापलं जातं. ९ पिनांच्या प्रिंटरवर ते कूर्मगतीने आणि फिकट येतं, २४ पिनांवर वाचण्यासारखं. मराठी पट्टी काढणाऱ्या दुकानाने प्रिंटर घेताना कंपनी नंतर बघावी, आधी पिना मोजाव्यात.

पत्रांचा प्रश्न फॉन्टचा होता. जुनी पत्रं काही श्री-लिपीत, काही सीडॅकच्या आयएसएममधल्या डीव्हीबी फॉन्टात. युनिकोडच्या आधीच्या या पद्धतीत अक्षर मुळात इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर पत्र उघडलं की नुसती चिन्हं. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी ते हमखास चुकीच्या अक्षरावर ठेवतात. म्हणून आम्ही सगळी पत्रं बदलली नाहीत. जी पुन्हा वापरात येतात, बँकेची, बाजार समितीची, गाडीभाड्याची, तेवढीच युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली, उरलेली पीडीएफ करून ठेवली. विंडोज ११ वर पत्र मंगलमध्ये असूनही वेगळं दिसलं तर घाबरू नये. मंगल आता मूळ विंडोजबरोबर येत नाही, 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्यावे लागतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'व्यापाऱ्याचे', 'शेतकऱ्याचे' लिहिताना शिफ्ट आणि जे दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. साधा र घेतला की रफार होऊन 'व्यापार्याचे' उमटतं.

काट्याचं मशीन आम्ही हलवलं नाही. नेटवर्कची केबल काढली, वायफाय नव्हतंच, पेन ड्राइव्ह फक्त दुकानातला. इंटरनेटपासून तोडलेल्या विंडोज ७ ला वजन उतरवून घेण्यापलीकडे काम नाही आणि ते काम करत राहील. पर्याय म्हणून यूएसबी ते सिरीयल कन्व्हर्टर ठेवला आहे, आणि इथे ब्रँडनिष्ठेची खरी गंमत आहे. या कन्व्हर्टरमध्ये प्रोलिफिक आणि एफटीडीआय या नावाजलेल्या चिप, आणि दोन्हींच्या नकला बाजारभर. एफटीडीआयच्या २०१४ च्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपची ओळखच पुसून टाकली, कन्व्हर्टर निकामी झाले. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर तर जुन्या चिपलाही '२०१२ पासून बंद' असा निरोप देऊन थांबतो. पाकिटावर मोठं नाव बघून घेतलेला तुकडा नकली असेल तर विंडोज ११ वर चालायचा नाही, आणि साधा सीएच३४० या चिपचा, कुणाचीही नक्कल न करणारा, बिनतक्रार चालेल. त्याचा एकच त्रास, यूएसबीचं भोक बदललं की सीओएमचा नंबर बदलतो आणि काट्याचा प्रोग्रॅम 'पोर्ट नाही' म्हणतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जुना नंबर द्यावा आणि त्या भोकावर रंगाचा ठिपका करून ठेवावा. बॉड रेट (केबलवरून माहिती जाण्याचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट काट्याच्या इंडिकेटरच्या मेनूत जे असेल तेच इकडे. आकडे उलटेसुलटे किंवा चिन्हं दिसली तर नव्वद टक्के बॉड रेटच चुकलेला असतो.

काढलेल्या सहाव्या पिढीच्या दोघांपैकी एकावर मिंट टाकून तो बॅकअपचा संगणक केला. मुख्य मशीनवरून रात्री टॅलीचं डेटा फोल्डर त्यावर उतरतं, आणि आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क दुकानात ठेवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी गणपती पेठ, हरभट रोडपर्यंत आलेलं सगळ्यांनी पाहिलंय. नदीच्या बाजूला दुकान असेल तर डिस्क विश्रामबागेत किंवा मिरजेत, वरच्या मजल्यावर. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून टॅलीची कंपनी उघडून शेवटचं व्हाउचर दिसतं का ते बघायचं.

दुसरा डबा सुट्या भागांसाठी ठेवला. त्याचा एसएमपीएस, रॅम आणि पंखा लेबल लावून कपाटात. निघालेल्या हार्डडिस्क मात्र भंगारवाल्याला तशाच द्यायच्या नाहीत. त्यांवर शेतकऱ्यांचे खाते नंबर, पॅन, सह्यांची चित्रं असतात आणि फाइल डिलीट केल्याने ती जात नाहीत. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून 'एनवाइप' हा डिस्क पुसणारा प्रोग्रॅम लावून पूर्ण डिस्क एकदा शून्यांनी भरली तरी पुरे. ज्या डिस्कवर सेक्टर खराब झालेत आणि एनवाइप मध्येच थांबतं, तिला ड्रिलने तबकडीपर्यंत तीन-चार भोकं पाडून मग ई-कचऱ्यात टाकावी.